पहिला गृहपाठ

लातूर शहरातून बार्शी रस्त्याला लागेपर्यंत नजर जाईल तिथं फलकांवर चेहरे दिसतात. नीटमध्ये अमुक गुण, बारावीला तमुक टक्के, खाली शिकवणीचं नाव आणि फोन. या शहराला यशाचा अंदाज बांधायची सवय आहे आणि त्यात जादू काही नाही. दर आठवड्याला चाचणी होते, पेपर लगेच तपासले जातात, पोरगं गैरहजर राहिलं तर दिवस मावळायच्या आत बापाच्या मोबाइलवर निरोप येतो. लागोपाठ दोन चाचण्यांत गुण घसरले की पालकांना बोलावणं धाडतात. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांनी घडवलेला जो ‘लातूर पॅटर्न’ महाराष्ट्रभर गाजला, त्याचा गाभा मला हाच वाटतो. पोरगं मागं पडलं हे निकालाच्या दिवशी नव्हे, मागं पडत असतानाच कुणाला तरी दिसतं.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘यश’ हा विषय दिला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे या फलकांवर कधीही न येणारे विद्यार्थी आले. दुकानात काम करत, शेत सांभाळत, लेकरं वाढवत पदवीसाठी नाव घालणारे. त्यांच्यातलं कोण पास होणार आणि कोण मधेच सोडणार, हे आधी कळतं का? कळलं तर त्याचं पुढं कुणी काही करतं का? हे बघायला मी मुरुडला गेले.

हे कोकणातलं समुद्रकाठचं मुरुड नव्हे. लातूर तालुक्यातलं, धाराशिव जिल्ह्याच्या हद्दीजवळचं हे मोठं गाव. लातूरहून मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर त्याचं स्टेशन आहे. 2016च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी आणणारी गाडी याच रुळांवरून धावली. भोवती सोयाबीन, तूर आणि पाणी असेल तिथं ऊस. आजूबाजूच्या खेड्यांचा बाजारहाट, दवाखाना, शाळा, सगळं इथं. आणि शिकायचं राहून गेलेली माणसंही इथं भरपूर. मेडिकल दुकानात औषधं काढून देणारा तरुण बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक गडी पोलीस भरतीत उंचीला कमी पडला, आता तलाठ्याच्या परीक्षेला पदवी लागते म्हणून त्यानं नाव घातलंय. दोन गल्ल्या सोडून राहणारी एक सूनही त्याच वर्गात आहे. ही तिघं एकमेकांना ओळखत नाहीत. एकाच गावात राहून, एकाच विषयाची पुस्तकं उशाशी ठेवून, प्रत्येक जण एकटाच शिकतो आहे.

असे एकटे शिकणारे देशात किती? केंद्र सरकारच्या 2020-21च्या उच्च शिक्षण पाहणीत दूरशिक्षणातल्या विद्यार्थ्यांची संख्या 45.71 लाख होती आणि त्यांत 20.9 लाख महिला होत्या.

दारात न विचारलेला प्रश्न

मुरुडच्या या माणसांसारखे एकटे शिकणारे जिथं नाव घालतात, ते यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1 जुलै 1989 रोजी नाशिकला सुरू झालं. त्याआधी पुणे विद्यापीठाचं कुलगुरुपद भूषवलेले राम ताकवले इथले पहिले कुलगुरू. ब्रिटनमध्ये 1969 साली ओपन युनिव्हर्सिटी उभी राहिली होती, हैदराबादला 1982 मध्ये आणि दिल्लीत ‘इग्नू’च्या रूपानं 1985 मध्ये तोच विचार भारतात रुजला होता. नाशिकच्या विद्यापीठानं ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेतलं आणि ज्यांची बारावीही झाली नव्हती, त्यांच्यासाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम काढला.

हा निर्णय किती धाडसाचा होता, हे आज चटकन लक्षात येत नाही. नेहमीचं महाविद्यालय दारातच अंदाज बांधतं. टक्के बघायचे, कमी असले तर परत पाठवायचं. आत येतो तो बहुधा पास होणाराच असतो आणि निकाल चांगला लागला की श्रेय महाविद्यालयाला मिळतं. मुक्त विद्यापीठानं दारातला हा अंदाजच नाकारला. तुमचा मागचा मेमो काय सांगतो यावरून तुमचं पुढचं ठरवणार नाही, असं त्यानं लाखो माणसांना सांगितलं. त्याची किंमतही त्याला मोजावी लागते. प्रवेश घेणारे पुष्कळ, शेवटापर्यंत टिकणारे त्यामानानं कमी. जगातल्या बहुतेक मुक्त विद्यापीठांचा हाच अनुभव आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मात्र दारात ज्याला अडवलं नाही, त्याच्यावर आत आल्यानंतर तरी कुणाचं तरी लक्ष हवं. हे लक्ष ठेवायचं कुणी आणि कसं, हा सगळा पेच आहे.

कागदावर रचना चांगली आहे. नाशिकला मुख्यालय, लातूर जिल्ह्यासाठी नांदेडचं विभागीय केंद्र, आणि त्याखाली ठिकठिकाणच्या महाविद्यालयांतली अभ्यासकेंद्रं. केंद्रावर एक संयोजक असतो, विषय समजावणारे समंत्रक असतात, रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्र होतं. विद्यार्थ्यानं घरी वाचायचं, अडलेलं सत्रात विचारायचं, गृहपाठ लिहून द्यायचे, परीक्षेचा अर्ज भरायचा आणि परीक्षा द्यायची. यातल्या प्रत्येक पायरीवर माणसं गळतात. तरी सगळ्यांत जास्त कुठं, असं केंद्रावर काम करणाऱ्यांना विचारलं, तर ते परीक्षेकडे बोट दाखवत नाहीत. “नाव घातल्यावर पहिले दोन महिने बगा मॅडम,” एका केंद्रावरचे कारकून मला म्हणाले. “तेवढ्यात जो एकदा तरी तोंड दाखवतो, तो परीक्षेला येतो. ज्याला मी ओळखत नाही, त्याचं हॉल तिकीट माझ्याकडंच पडून राहतं.”

गठ्ठा उघडला का?

त्या सुनेच्या घरी गेले. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. पर्यवेक्षिकेची जाहिरात निघाली की पदवी मागतात, हे तिनं पक्कं ऐकलंय. बारावी होऊन नऊ वर्षं झाली, मधे लग्न, दोन लेकरं. पुस्तकं कुठायत विचारल्यावर तिनं पलंगाखालून गठ्ठा ओढला. सुतळी अर्धवट सोडलेली. वरच्या एका पुस्तकाचे कोपरे दुमडलेले, मधल्या काही पानांवर पेन्सिलीच्या खुणा. खालची सगळी कोरी करकरीत, छापखान्याचा वास अजून न गेलेली.

“मराठीचं तेवढं वाचलं. समजतंय ओ. इंग्रजीचं उघडलंच नाही, भ्या वाटतंय.”

ही पुस्तकं खास एकट्यानं शिकणाऱ्यासाठी लिहिलेली असतात. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मधे मधे स्वतःला तपासायचे प्रश्न. शिक्षक समोर नाही हे धरूनच त्यांची मांडणी केलेली असते. मी ते मराठीचं पुस्तक चाळलं. पहिल्या घटकातल्या प्रश्नांपुढे तिनं बारीक अक्षरात उत्तरं लिहिली होती, दुसऱ्यातही, तिसऱ्यात एकच. मग वही दाखवली. पहिल्या पानावर गृहपाठाचा प्रश्न सुवाच्य अक्षरात उतरवलेला, त्याखाली दीड पान उत्तर, आणि वाक्य अर्ध्यावर थांबलेलं.

“हे कधी लिहिलं?”

“भादव्यात. मग धाकट्याला ताप आला, मग सोयाबीन आलं.”

घरात कुणाकुणाला माहीत आहे, हेही विचारलं. तिनं दाराकडं बघून आवाज खाली केला. “ह्यांना म्हायती हाय. सासूबाईला सांगितलं नाही. नापास झाले तर उगं बोलणं व्हायचं.” म्हणजे ती रात्री सगळे झोपल्यावर अभ्यास करते, आणि संपर्कसत्राला जायचं तर रविवारी घराबाहेर पडायला कारण शोधावं लागतं. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळे पैशाची अडचण थोडी हलकी झाली. दिवसभर कुठं होतीस, या प्रश्नावर मात्र अजून उत्तर नाही.

तिची बुद्धी कमी पडत नाहीये, हे त्या दीड पानावरून कुणालाही कळलं असतं. वाक्यं नीट होती, मुद्दा धरून होती. पण ते दीड पान तिच्याखेरीज कुणीच पाहिलं नव्हतं.

आधी कळतं ते कसं

कोण सोडणार हे आधी ओळखायचा अभ्यास जगात जुना आहे. अमेरिकेत व्हिन्सेंट टिंटो यांनी 1975 मध्ये मांडलं की विद्यार्थी संस्थेत किती रुजतो, त्याची तिथं कुणाशी नाळ जुळते का, यावर त्याचं टिकणं अवलंबून असतं. ते वसतिगृहात राहणाऱ्या तरुणांना धरून होतं. दूरशिक्षणातल्या प्रौढ विद्यार्थ्याचं घर, नोकरी आणि लेकरं हिशेबात घेऊन डेव्हिड केंबर यांनी 1989 मध्ये वेगळी मांडणी केली. मुरुडच्या त्या घरात मला केंबर जास्त जवळचे वाटले.

पुढे संगणक आला. ग्रीसच्या हेलेनिक ओपन युनिव्हर्सिटीत 2003च्या सुमारास एक प्रयोग झाला. तिथली पद्धत आपल्याशी मिळतीजुळती आहे, घरी अभ्यास, लेखी गृहपाठ आणि अधूनमधून समोरासमोर सत्रं. संशोधकांनी जुन्या विद्यार्थ्यांच्या नोंदी संगणकाला दिल्या आणि नव्यांपैकी कोण सोडेल ते ओळखायला सांगितलं. वय, लिंग, लग्न, नोकरी एवढीच माहिती दिली तेव्हा अंदाज सुमारे 63 टक्के वेळा बरोबर आला. पहिल्या सत्राला आला का, पहिला गृहपाठ दिला का, त्यात किती गुण मिळाले हे कळल्यावर, वर्षाच्या मध्याआधीच तो 83 टक्क्यांच्या घरात गेला.

या दोन आकड्यांमधल्या अंतरात सगळं आलं असं मी मानते. माणूस कोण आहे, कुठल्या गावचा, बाई की पुरुष, यावरून थोडंफार कळतं. तो आत आल्यावर काय करतो, यावरून कितीतरी जास्त कळतं. आपल्या अंगणवाडी मदतनिसाची माहिती नुसती पहिल्या प्रकारानं भरली, तर संगणक तिच्या नावापुढे लाल खूण करील. ग्रामीण, विवाहित, नऊ वर्षांचा खंड, दोन लहान मुलं. त्या लाल खुणेचा अर्थ कुणी ‘हिच्यावर वेळ घालवू नका’ असा लावला, तर 1989 मध्ये दारातून हद्दपार केलेला अंदाज मागच्या खिडकीतून परत आत येईल. म्हणून नाव, गाव, जात, वय यांच्यावरून केलेलं भाकीत कुणाला मागं ठेवायला वापरता कामा नये. वापरायचंच तर आधी कुणाला फोन करायचा एवढं ठरवण्यापुरतं.

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीनं 2013च्या सुमारास ‘ओयू अ‍ॅनलाइझ’ नावाची यंत्रणा सुरू केली. ती दर आठवड्याला सांगते, हा विद्यार्थी पुढचा गृहपाठ देईल की नाही. त्यासाठी ती विद्यार्थी संकेतस्थळावर किती वेळा आला, काय उघडलं याचा माग ठेवते. त्यांनी 2017 मध्ये संशोधकांसाठी खुल्या केलेल्या नोंदींमध्ये 32,593 विद्यार्थी आहेत आणि त्यांच्या हालचालींच्या ओळी एक कोटीच्या वर. इतकं करून काय आढळलं? ज्या शिक्षकांनी यंत्रणेनं काढलेली यादी नियमित उघडली त्यांचे विद्यार्थी अधिक टिकले, आणि पुष्कळ शिक्षकांनी ती फारशी उघडलीच नाही. यंत्रानं ओळखलं म्हणून कुणी वाचत नाही. ओळखल्यावर माणसानं काही केलं तर वाचतो.

तो नंबर कुणाचा?

ही यंत्रणा उद्या जशीच्या तशी मराठवाड्यात आणली तर काय होईल, हे मुरुडच्या एका नेट कॅफेत बसल्यावर दिसलं. प्रवेश ऑनलाइन असतो. बहुतेक जण अर्ज इथंच भरून घेतात. ओटीपी यायला फोन लागतो आणि बाईकडे स्वतःचा फोन नसला की नवऱ्याचा किंवा भावाचा नंबर लागतो. घाई असली तर कॅफेवाल्याचाच. त्यानं मला त्याच्या फोनवरचे संदेश दाखवले. प्रवेश निश्चित झाला, पुस्तकं घेऊन जा, परीक्षेचा अर्ज भरायची मुदत अमुक. संदेश कुणाकुणाचे आहेत हे त्यालाही आता आठवत नव्हतं. विद्यापीठाच्या लेखी ते सगळे पोचले होते.

अभ्यासाच्या बाबतीतही तेच. एकानं पुस्तकाची पीडीएफ उतरवून घेतली की ती व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात पडते आणि पन्नास जण तिथून वाचतात. नाशिकच्या संगणकाला एकच विद्यार्थी वाचताना दिसतो, उरलेले एकोणपन्नास त्याच्या दृष्टीनं झोपलेले. त्यामुळे क्लिकवरून बांधलेला ब्रिटिश अंदाज इथं उताणा पडेल. आपल्याकडे खरी खूण हातानं लिहिलेल्या कागदावर असते, केंद्राच्या हजेरीत असते आणि कारकुनाच्या ओळखीत असते.

नावाचा घोळ वेगळाच. बारावीच्या मेमोवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. 2024 पासून दूरशिक्षणात प्रवेशासाठी ‘डीईबी आयडी’ हा ओळखक्रमांक काढावा लागतो, त्याला आधी एबीसीचं, म्हणजे शैक्षणिक क्रेडिट साठवायच्या बँकेचं, खातं लागतं, आणि तिथं नाव जुळलं नाही की गाडी अडते. मग विवाह नोंदणीचा दाखला काढा, प्रतिज्ञापत्र करा, आधार दुरुस्तीच्या रांगेत उभं राहा. यातल्या एका फेरीला अर्धा दिवस जातो आणि अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. कितीतरी जणी अभ्यासापर्यंत पोचायच्या आधी इथंच थकतात. त्यांची नोंद ‘सोडून गेल्या’ अशीही होत नाही, कारण त्या आत आलेल्याच नसतात.

सोयाबीनच्या आधी

अभ्यासाचं वर्ष आणि शेताचं वर्ष एकमेकांना विचारून ठरत नाही. पावसाळ्यात प्रवेश होतात, पुस्तकं हातात यायला वेळ जातो आणि तेवढ्यात सोयाबीन काढणीला येतं. काढायचं, बनीम लावायची, पाऊस आला की झाकायला धावायचं, मळणी करून मोंढ्यावर न्यायचं. या दिवसांत घरातला एकही हात मोकळा नसतो. मग दिवाळी, मग रब्बीची पेरणी, तूर, आणि उन्हाळा लागला की लग्नसराई. उसाची तोड असलेल्या घरात तर माणूस गावातच नसतो. अशा वर्षात “वेळ मिळेल तसा अभ्यास करा” हा सल्ला फार क्रूर आहे. वेळ मिळत नाही.

त्यामुळे मला एक गोष्ट पक्की वाटू लागली आहे. पहिला गृहपाठ सोयाबीनच्या आधी हातावेगळा झाला पाहिजे. तो मोठा नको. एका घटकावरचा एक प्रश्न, एक पान उत्तर. पण ते कुणीतरी आठवड्याच्या आत वाचून, दोन ओळी लिहून परत द्यावं. ज्याचं पान येणार नाही, त्याला त्याच आठवड्यात फोन जावा. ऑक्टोबरात थांबलेलं वाक्य फेब्रुवारीत पुन्हा सुरू होणं कठीण असतं, भाद्रपदात थांबलेलं आठ दिवसांत सुरू होऊ शकतं.

याला नवं संगणकशास्त्र लागत नाही. लातूरच्या शिकवण्या हेच सतरा वर्षांच्या पोरांसाठी रोज करतात, कारण तिथं फी भरणारा बाप विचारणारा असतो. मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याच्या मागं विचारणारं कुणी नाही.

फोनवर बोलायचं काय

ओपन युनिव्हर्सिटीत अनेक वर्षं काम केलेले ऑर्मंड सिम्पसन यांनी साध्या फोनची बाजू सतत लावून धरली. अभ्यासक्रम सुरू व्हायच्या आधी नव्या विद्यार्थ्यांना एकदा फोन केला तर टिकणाऱ्यांचं प्रमाण काही टक्क्यांनी वाढतं, हे तिथं तपासलं गेलं. काही टक्के म्हणजे थोडे वाटतात. हजार विद्यार्थ्यांत ते काही डझन माणसं होतात, आणि त्या प्रत्येकाची फी, पुस्तकं, गेलेलं वर्ष वाचतं.

मात्र “अभ्यास चालू आहे ना?” असं विचारणारा फोन नको. त्याला “हो मॅडम” एवढंच उत्तर मिळतं. मी त्या कारकुनांना विचारलं, तुम्ही फोन करता तेव्हा काय बोलता? ते म्हणाले, आधी विचारतो पुस्तकाचा गठ्ठा सोडला का. मग विचारतो कुठलं पुस्तक वर ठेवलंय. “जे वर ठेवलंय त्याचंच एक पान लिहून आणा म्हणतो. इंग्रजीचं नंतर बघू.” मला यात अध्यापनाचा मोठा अनुभव दिसतो. ते हे कुठल्याही योजनेखाली करत नाहीत, त्याचा त्यांना मोबदला नाही, आणि त्यांच्याकडच्या सगळ्या नावांना फोन करणं एका माणसाला शक्यही नाही. ज्यांचे चेहरे आठवतात त्यांना ते करतात. ज्यांना सगळ्यांत जास्त गरज आहे, त्यांचे चेहरे त्यांनी पाहिलेले नसतात.

म्हणून यादी हवी आणि ती यादी यंत्रानं काढलेली चालेल. पहिल्या सहा आठवड्यांत ज्यांचा कागद आला नाही अशी नावं केंद्राला मिळावीत. विद्यार्थ्याचा स्वतःचा नंबर प्रवेशाच्या वेळी तिथल्या तिथं फोन लावून तपासावा. आणि फोन करायचं काम, थोडं मानधन देऊन, त्याच केंद्रातून पास झालेल्यांना द्यावं. मुरुडमध्ये अशी एक बाई आहे. तिनं लेकरं सांभाळून बी.ए. केलं, एका विषयात दोनदा राहिली, तिसऱ्यांदा सुटली. आता ती गल्लीतल्या दोघीतिघींना मुदतीच्या तारखा सांगते, गृहपाठ कसा लिहायचा ते दाखवते. सासूला कसं सांगायचं हेसुद्धा तीच सांगते.

शेवटी यश मोजायचं कुठल्या मापानं, हेही ठरवायला हवं. इग्नूत बी.ए.ला किमान तीन वर्षं लागतात आणि पूर्ण करायला सहा वर्षांपर्यंत मुभा असते. बाळंतपणासाठी वर्षभर थांबलेली बाई तीन वर्षांच्या मापानं नापास, सहा वर्षांच्या मापानं वाटेवर. जो अंदाज थांबणाऱ्यांना आणि सोडणाऱ्यांना एकाच रकान्यात टाकतो, तो मराठवाड्यातल्या बायकांच्या बाबतीत हमखास चुकणार.

त्या मदतनिसाचा अर्धा गृहपाठ मी तिसऱ्यांदा सुटलेल्या त्या बाईला दाखवायला सांगितला. दोघी एकमेकींना तोंडओळखीनं जाणत होत्या, पण एक शिकतेय आणि दुसरी शिकून बसलीय, हे दोघींनाही माहीत नव्हतं. तिनं वही उघडली, दीड पान वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला, “पुढचं वाक्य काय लिवायचं होतं तुला?” मदतनिसानं ते लगेच सांगितलं. “मग लिव की.” तिनं पेन शोधलं. परीक्षेचा अर्ज कधी सुटतो, लेट फी किती, केंद्रावर कुणाला भेटायचं हे सगळं तिनं त्याच वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं, आणि येत्या रविवारी दोघी एकाच एसटीनं जायचं ठरलं.